कार्ड घातलेलं नाही

घेतली तेव्हा बारा रेघा होत्या तिला.
आता आठ.
डॅशबोर्डच्या कडेला शिडीसारख्या एकावर एक,
आणि ही शिडी नेहमी वरूनच झिजते.

पहिल्या वर्षी मी डनीडनला जायचे,
तिथे चार्ज करून, सूप पिऊन, परत.
मग पामर्स्टनपर्यंत. मग हॅम्पडन.
गेल्या जूनमध्ये हीटर न लावता, मांडीवर घोंगडी घेऊन
मोएराकीच्या गोल दगडांपर्यंत गेले
आणि परतीच्या चढावर श्वास रोखून धरला,
जणू माझ्या श्वासानेही बॅटरी उतरणार होती.

थेम्स स्ट्रीटवरच्या शोरूममधला टामाती
माझ्याच वर्गात होता. पाढे कच्चे, अक्षर देखणं.
त्याने गाडीच्या पोटात वायर खुपसली,
फोनकडे पाहिलं, आणि डॉक्टर थांबतात तेवढाच थांबला.
"अठ्ठावन्न टक्के, मिसेस पर्किस."
"म्हणजे पास," मी म्हटलं.
तो हसला. साडेतीन हजार डॉलर देतो म्हणाला,
तेही तुम्ही म्हणून.

नवी निळसर आहे.
तिचं स्टिअरिंग गरम होतं, सीट गरम होते,
मागून सायकल आली तर ती आधी सांगते.
दार इतकं अलगद लागतं
की लागलं का, हे मी दोनदा उघडून पाहिलं.
एका चार्जमध्ये चारशे किलोमीटर.

चारशे.
क्राइस्टचर्च अडीचशेवर आहे.
क्राइस्टचर्चला ग्लेनिस आहे.

सात वर्षं मी तिला सांगत आले,
गाडी पोचत नाही गं.
ती म्हणायची, वाटेत चार्जर आहेत.
मी म्हणायचे, थंडीत रांग असते.
बस जाते, हे दोघींनाही माहीत.
आईच्या शेवटच्या हिवाळ्यात कोण आलं, कोण नाही,
हा विषय आम्ही काढला नाही,
आम्ही बॅटरीबद्दल बोललो.
नाचता येईना, अंगण वाकडं.
आता टामाती अंगण सरळ करून देतोय,
महिना तीनशे दहा डॉलर हप्त्यावर.
मग नाचावं लागेल.

जुनी जपानहून आलेली.
रोज बटण दाबलं की आत एक बाई बोलते,
एकच वाक्य, अदबीचं.
नऊ वर्षं मी तिला उलट "मॉर्निंग" म्हणत आले.
कीथ गेला त्या पहाटेही ती बोलली,
हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये.
मला वाटलं, धीर देतेय.

जानेवारीत चेरी तोडून परतणारी चिहारू नावाची मुलगी
वेस्टनच्या फाट्यावर अंगठा दाखवून उभी होती. घेतली.
दुधासाठी थांबलो, पुन्हा निघताना बाई बोलली
आणि पोरगी तोंडावर हात धरून हसत सुटली.
"काय म्हणते गं ही?"
"म्हणते, कार्ड घातलेलं नाही.
टोलचं. आमच्याकडे लागतं."

आमच्या या अख्ख्या बेटावर टोलनाका नाही.
नऊ वर्षं एक बाई रोज सकाळी सांगत होती
की काहीतरी राहिलंय,
आणि मी ते आशीर्वादासारखं घेत होते.

शुक्रवारपर्यंत मुदत आहे. आज गुरुवार.
काचेवर दव गोठलंय, गॅरेजचं दार अर्धं वर.
नुसतीच बसले, बटण दाबलं.
बाई बोलली.
"हो," म्हटलं, "कळलं."
आठ रेघा. बाहेर चार अंश.
मग फोन काढून ग्लेनिसला लावला.
"तुझ्या घराबाहेर प्लग आहे का गं?"

पलीकडे किटली उकळून बंद झाल्याचा आवाज आला.
मग बराच वेळ कसलाच नाही.
मग ती म्हणाली,
"तुझी वायर किती लांब आहे?"